थ्रीला एकाहत्तर

परवा एका मोबाइलनं 'थ्री' या शब्दाच्या उच्चारासाठी मला शंभरपैकी ७१ गुण दिले. त्याच मोबाइलनं त्याच मिनिटाला पावणेपाच वर्षांच्या एका पोराला ९३ दिले. त्या पोराला 'थ्री' म्हणायला मी शिकवलंय. पाच आठवडे, आरसा हातात धरून.

मोबाइल पोराच्या आजीचा. ठिकाण चीनमधल्या शिजियाझुआंगची एक खासगी बालवाडी, आणि प्रसंग मधल्या वर्गाचा, म्हणजे 'चुंगपान'चा, पालकांसमोरचा खुला तास. खुर्च्यांवर चौदा मुलं, भिंतीला टेकून बावीस मोठी माणसं. त्यातल्या एकवीस जणांचे मोबाइल माझ्यावर रोखलेले. बाविसावा आजीबाईंनी थेट माझ्या तोंडापाशी आणला.

पण आधी थ्रीचं सांगते, कारण ते ७१ अजून घशात अडकलेत.

चिनी भाषेत इंग्रजी 'थ' नाही. त्यामुळे पोरं 'स्री' म्हणतात. 'थँक यू'चं तर 'सान ख यो' होतं. चिनी लिपीत तसंच लिहितात आणि त्याचा शब्दशः अर्थ होतो तीन ग्रॅम तेल. यावर उपाय एकच: जीभ बाहेर. मुलांच्या हातात एकेक छोटा आरसा द्यायचा आणि सांगायचं, बाईंना वेडावून दाखवा. चार वर्षांच्या पोराला एवढं मोठं आमिष दुसरं नाही. जीभ दातांत आली की तोंडासमोर कागदाची पट्टी धरायची आणि फुंकर मारायला लावायची. जीभ मागे न घेता फुंकर बसली की उच्चार झाला. एका मुलाला एका तासात तीनदाच, चौथ्यांदा ती शिक्षा होते. आणि हे सगळं सहा वर्षांच्या आत उरकायचं. पुढे समोरचे दुधाचे दात पडतात आणि सगळी मेहनत त्या खिंडीतून वाऱ्यावर जाते.

आता गंमत अशी, की मुलांना मी जीभ काढून दाखवते, पण घाईत बोलताना माझ्या तोंडून येतो आपला थालीपिठातला थ. आपला थ दातांवर जीभ आपटून निघतो, इंग्रजांचा दातांतून सरपटत बाहेर येतो. शिकवताना मी सरपटवते. पण कुणी अचानक तोंडासमोर मोबाइल धरला की थालीपीठच बाहेर पडतं. म्हणजे मोबाइलचं चुकलं नव्हतं. हेच जास्त लागलंय.

बाकीचे आवाजही सांगून टाकते, विषय निघालाच आहे तर. चिनी शब्द संपतो तो स्वरावर, नाहीतर नाकातल्या आवाजावर. 'डॉग' किंवा 'बिग' असा खाडकन मिटणारा शब्द त्यांना अर्धवट वाटतो, मग ते मागे शेपूट लावतात: डॉगऽ, बिगऽ. शेपूट कापायला शब्दाच्या शेवटी मूठ मिटायला लावायची, हात मिटला की तोंडही मिटतं. चिनी 'ब' आपल्या 'प'सारखा असल्यामुळे 'बॉल'चा 'पॉल' होतो. इथे पोराचा हात स्वतःच्या गळ्यावर ठेवायचा आणि गळा गुरगुरतोय का ते बघायला लावायचं. 'ही' आणि 'शी' मात्र वर्षभर सुटत नाही. चिनीत तो आणि ती दोघंही बोलताना 'था'च, त्यामुळे बाबांना 'शी' म्हटल्यानं काय बिघडलं ते पोरांना कळत नाही. राहिला 'व्ही' आणि 'डब्ल्यू'. खालचा ओठ दातात धरा, मधमाशीसारखं गुणगुणा, असं मी ठणकावून सांगते. स्वतः 'वेरी वेल' म्हणताना दोन्हीकडे एकच व वापरते. त्यावर अजून कुणी मोबाइल धरलेला नाही. या ओळी कुणी आजीबाईंना वाचून दाखवू नका.

उलट चिनी शिकताना आपली चैन असते. पिनयिनमधला, म्हणजे रोमन अक्षरांत लिहिलेल्या चिनीतला, 'झेड' म्हणजे आपल्या चाकातला च, चहातला नव्हे. न्यूझीलंडच्या सहकाऱ्यांनी त्यावर सहा महिने घालवले, मला तो बार्शीपासून येतो. पण त्याला गुण देणारं ॲप कुणाकडे नाही.

वर्गाचं गणित सोपं आहे. चार-पाच वर्षांच्या मुलांचा तास पंचवीस मिनिटांचा, नवे शब्द चार, आणि दर तीन-चार मिनिटांनी खेळ बदलायचा. चित्रांची कार्डं लॅमिनेट केलेलीच हवीत, कारण पहिल्या रांगेत एकजण ती खातोच. माशा मारायची प्लास्टिकची फटकी दोन आणायची, कार्डं जमिनीवर पसरायची, शब्द उच्चारला की योग्य कार्डावर फटका. तिसरी फटकी आणायची नाही, तिसऱ्याचा फटका कार्डावर पडत नाही. शाबासकीचं स्टिकर प्रत्येकाला एक. चुकून एखाद्याला दुसरं गेलं तर संध्याकाळी वीचॅटच्या पालक-गटात तेरा आया सौजन्यानं चौकशी करतात.

आणि 'रिपीट आफ्टर मी' कधीही म्हणायचं नाही. चौदा जण एका सुरात म्हणतात, 'रिपीट आफ्टर मी.' 'नो, से ॲपल.' 'नो, से ॲपल.' कानाला हात लावायचा आणि गप्प उभं राहायचं, बस्स.

सगळ्यात मोठी अडचण मुलांची नसते, मदतनीस बाईंची असते. बिचारीचा हेतू चांगला. मी 'स्टँड अप' म्हटलं की अर्ध्या सेकंदात ती चिनीत 'उभे राहा' म्हणते. दोन आठवड्यांत मुलांना कळतं, की ही परदेशी बाई जे करते तो नुसता आवाज आहे, खरी सूचना मागून येते. त्यानंतर तुम्ही 'स्टँड अप' म्हणा नाहीतर रामरक्षा म्हणा, मुलं मदतनीस बाईंच्या तोंडाकडेच बघणार. तिला पाच सेकंद थांबायला सांगावं. तीनदा सांगितलं. ती दोन सेकंद थांबते.

खुल्या तासाला तर नवीन काही शिकवायचंच नाही. मागच्या आठवड्याचेच शब्द घ्यायचे, खुर्च्या अर्धगोलात, मुलांची पाठ पालकांकडे. तोंड पालकांकडे असलं की मूल आईकडे बघतं, आई मोबाइलमागून ओठ हलवते, मूल रडतं. रडणाऱ्याला 'हाऊ आर यू' विचारलं तर नाक पुसत 'आयम फाइन, थँक यू, अँड यू?' असं अखंड उत्तर येतं, हे वेगळं. या देशात ते वाक्य साऱ्यांना तसंच पाठ असतं.

एवढी तयारी होती. नव्हती ती आजीबाईंची.

आजीबाई म्हणजे पोराच्या आईची आई, 'लाओलाओ'. बिनबाह्यांचं जाड जाकीट, हातात थर्मास, त्यात गरम पाणी आणि तळाशी लाल गोजी बेऱ्या. बाकीचे चित्रीकरण करत असताना त्या मला निरखत होत्या, भाजीवाल्याकडची वांगी बघावीत तशा. दहाव्या मिनिटाला, 'थ्री डक्स' चालू असताना, त्यांनी मुख्याध्यापिकेला मोठ्यानं विचारलं, "बाहेरच्या फलकावरचा फोटो कुणाचा?"

फलकावर माझं नाव आहे आणि त्यावर सोनेरी केसांच्या, निळ्या डोळ्यांच्या एका बाईचा हसरा फोटो. इंटरनेटवर अशा बाया तयार मिळतात. पहिल्याच महिन्यात मी विचारलं होतं, तेव्हा उत्तर मिळालं, "तात्पुरता आहे." ते दीड वर्षापूर्वी.

"याच बाईंचा," मुख्याध्यापिका म्हणाल्या.

"केस?"

"उन्हाळ्यात पिवळे होतात."

हे त्यांनी इतक्या शांतपणे सांगितलं, की क्षणभर मीच वेणीला हात लावला.

"आणि नाक?" आजीबाई म्हणाल्या.

नाकाचं उत्तर तयार नव्हतं. आजीबाईंनी थर्मास खाली ठेवला आणि सरळ माझ्याकडे वळल्या. "लाओशि, तुम्ही कुठल्या?" लाओशि म्हणजे आपल्याकडच्या 'बाई'.

"शिनशिलान." न्यूझीलंड. खोटं नाही, पासपोर्ट तिथलाच आहे.

"ते झालं. खरी कुठली?" एका वाक्यात त्या तुम्हीवरून तूवर आल्या.

"इंदू." भारत.

वर्गात पाच-सहा मोबाइल खाली आले. तरुण बाबांपैकी एकजण उत्साहानं 'मी-शू, मी-शू' म्हणाला. मी-शू म्हणजे आमिर खान. २०१७ मध्ये त्याच्या कुस्तीच्या चित्रपटानं इथं धुमाकूळ घातला, तेव्हापासून तो सगळ्यांचा मी काका. अक्षर बघितलं तर तांदूळकाका. पण आजीबाईंची पिढी त्याच्या आधीची. सत्तरच्या दशकाच्या शेवटी इथे राज कपूरचा 'आवारा' पुन्हा दाखवला गेला, तेव्हा त्या विशीत असणार. त्यांनी डोळे मिटले आणि 'आवारा हूँ'चा मुखडा सुरू केला. चिनी कानांना तो 'अबालागू' असा ऐकू येतो. "अबालाऽगू," आजीबाई म्हणाल्या, आणि मागच्या दोन आजोबांनी सूर धरला.

माझी 'थ्री डक्स' तिथेच बुडाली.

गाणं संपल्यावर त्यांना आणखी आठवलं. "इंदू! ख तीह्वा!" म्हणजे आपले डॉक्टर द्वारकानाथ कोटणीस. १९३८ मध्ये भारतीय वैद्यकीय पथकातून आले, ९ डिसेंबर १९४२ ला, अवघ्या ३२ व्या वर्षी गेले, आणि आता याच शहराच्या हुतात्मा स्मशानभूमीत आहेत. मी अभिमानानं सांगितलं, की ते सोलापूरचे आणि मी त्याच जिल्ह्यातली. आजीबाईंनी माझा हात हातात घेतला. डोळ्यांत पाणी. मला वाटलं, जिंकलं.

"ते डॉक्टर होते," त्या म्हणाल्या. "मग तू डॉक्टर का नाही झालीस?"

बार्शीच्या माझ्या आत्यानं हाच प्रश्न याच सुरात विचारला होता. तिला निदान 'मार्क कमी पडले' असं सांगता आलं. चिनीत मार्क कमी पडले कसं म्हणायचं ते मला उत्तम येतं, पण मागे एकवीस मोबाइल होते.

आणि तेवढ्यात त्यांना नातवाची फी आठवली. डोळे पुसून त्यांनी जाकिटातून मोबाइल काढला, उच्चार तपासायचं ॲप उघडलं आणि म्हणाल्या, "म्हण, थ्री."

पुढचं सांगितलंच आहे. ७१. मग नातू. ९३. "बघा," आजीबाई मुख्याध्यापिकेला म्हणाल्या, "पोरगं स्वतःच शिकलंय."

स्वतःच!

इथे मला हसू येत नाही, म्हणून जरा नियम सांगते. चीनमध्ये परदेशी माणसाला इंग्रजी शिकवायचा परवाना हवा असेल तर त्याची मातृभाषा इंग्रजी असावी लागते, आणि व्यवहारात ती पासपोर्टावरून ठरते: ब्रिटन, आयर्लंड, अमेरिका, कॅनडा, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, दक्षिण आफ्रिका. जोडीला पदवी, दोन वर्षांचा अनुभव किंवा शिकवण्याचं प्रमाणपत्र, आणि गुन्हा नसल्याचा पोलिसी दाखला. माझ्याकडे हे सगळं आहे, शिक्क्यांसकट. माझी मातृभाषा कोणती, हे मात्र कुणी विचारलं नाही. विचारलं असतं तर नियमानं मला इथे मराठी शिकवावी लागली असती आणि चौदाही पोरांना ९३ पडले असते. पण बाजार पासपोर्टही बघत नाही, चेहरा बघतो. ज्यांना इंग्रजीत धड दोन वाक्यं जुळवता येत नाहीत, असे गोरेपान लोक माझ्याहून जास्त पगारावर 'परदेशी शिक्षक' म्हणून मिरवताना मी पाहिलेत. त्यांच्या तोंडापुढे कुणी ॲप धरत नाही. चेहराच शंभरपैकी शंभर असतो.

तशी या धंद्यात प्रत्येक वस्तूवर दुसराच फोटो आहे. २०२१ च्या जुलैत सरकारनं 'श्वांगच्येन' धोरण आणलं, मुलांवरचा गृहपाठाचा आणि शिकवण्यांचा भार कमी करायला. त्यात शाळेआधीच्या मुलांच्या इंग्रजी शिकवण्यांवर बंदी आली. धोरणामागचा विचार मला पटतो. चार वर्षांच्या पोरानं रविवारी खेळावं. पण पालकांना इंग्रजी हवं ते हवंच. म्हणून आमच्या वेळापत्रकात इंग्रजी हा शब्दच नाही. माझा तास 'गोष्टी आणि नाट्य' या नावानं लागतो. म्हणजे सोनेरी केसांच्या फोटोमागे मी आणि नाट्यामागे 'थ्री डक्स'. या इमारतीत स्वतःच्या नावानं वावरणारं म्हणजे ते गरम पाणी.

तास संपला. पालक-गटात संध्याकाळी व्हिडिओ आले. माझे चार शब्द, माझी फटकी, माझा आरसा यांना दोन-दोन अंगठे. 'अबालागू'ला सगळ्यांची फुलं. आजीबाईंनी जाताना मला थर्मासमधलं अर्धं झाकण गरम पाणी पाजलं, घसा बसलाय म्हणून, आणि म्हणाल्या, "सान ख यो." तीन ग्रॅम तेल. मी सवयीनं जीभ बाहेर काढून दाखवली. त्यांना वाटलं मी वेडावतेय.

सोमवारी मुख्याध्यापिकेनं बोलावलं. मला वाटलं फोटो बदलणार. त्यांनी चहा दिला, खुल्या तासाचं कौतुक केलं आणि सांगितलं, की फलक नवा करून घेतलाय, पालकांच्या आग्रहावरून. बाहेर जाऊन पाहिला. सोनेरी केसांची बाई तशीच हसतेय. खाली माझ्या नावापुढे एक ओळ वाढलीय: भारतीय नृत्य व गायन, बुधवारी.