शुद्धलेखन काढलं का?

परवा तिसरीतल्या एका पोरीची शुद्धलेखनाची वही तपासत होते. पान देखणं. अक्षरं दुरेघीत नीट बसलेली, शिरोरेघा सरळ, खाडाखोड कुठेच नाही. दहा ओळी झाल्या आणि अकराव्या ओळीत तितक्याच सुबकपणे लिहिलेलं होतं '३४'. पुस्तकातला पान क्रमांक. तिला जवळ बोलावलं, म्हटलं, "काय लिहिलंस गं? वाच बरं." पहिल्या ओळीवर बोट ठेवून उभी राहिली. दोन शब्द वाचले, तिसऱ्याला अडली आणि माझ्याकडे बघून गोड हसली. तिच्या लेखी काम झालं होतं. शुद्धलेखन काढून झालं होतं.

'काढून' हा शब्द बघा. गोष्ट सांगतात, पत्र लिहितात, शुद्धलेखन मात्र काढतात. रांगोळी काढावी तसं. नाव शुद्धलेखन, पण त्यात शुद्ध-अशुद्धाचा विचार नाही आणि लेखनही नाही. नुसती नक्कल आहे. घरी आई विचारते, "शुद्धलेखन काढलं का?" दिवाळीच्या सुट्टीचा अभ्यास काय, तर रोज एक पान शुद्धलेखन. मीही दिलाय तो अभ्यास, बरीच वर्षं दिलाय. पोरं घरी लिहीत बसली की पालक खूश, वह्या भरल्या की साहेब खूश.

जिल्हा परिषदेच्या शाळेत मला बावीस वर्षं झाली, सगळी वऱ्हाडात. आमच्या नोंदींत अनुलेखन, श्रुतलेखन आणि स्वयंलेखन असे तीन वेगळे शब्द आहेत. बघून लिहिणं, ऐकून लिहिणं, मनाचं लिहिणं. वर्गात खरं काय चालतं ते सांगते. अनुलेखन रोज. श्रुतलेखन परीक्षेच्या आधी, तेही धाकात. स्वयंलेखन वहीत नाही, नोंदवहीत मात्र सगळ्यांना छान जमतं. २०१० पासून सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आलं आणि प्रत्येक पोराची वर्णनात्मक नोंद लिहायची ठरलं. विचार चांगलाच होता. पण आता तयार नोंदींची पीडीएफ व्हॉट्सअॅपवर फिरते आणि आम्ही त्यातून 'स्वतःच्या शब्दांत अनुभव लिहितो' हे वाक्य उतरवून घेतो. आम्हीही अनुलेखनच करतो म्हणायचं.

२०२३-२४ मध्ये पुस्तकातच कोरी पानं आली, 'माझी नोंद' म्हणून. आठवतं का? वेगळ्या वह्या न्यायला नकोत, दप्तराचं ओझं कमी व्हावं म्हणून. पुढे ती बंदही झाली. त्यावर वाद झाला तो सगळा ओझ्याचा, किमतीचा, कागदाचा. मला आठवतो तो पहिला आठवडा. मी म्हटलं, "इथे तुम्हाला वाटेल ते लिहा." पोरं पेन्सिल धरून माझ्याकडे बघत बसली. एकाने विचारलं, "मॅडम, कुठून लिहू?" म्हणजे कोणत्या पानावरून उतरवू! शेवटी निम्म्या वर्गाने पाठाखालचे प्रश्न उतरवले. चार वर्षांत 'लिही' म्हणजे 'उतरव' एवढंच आम्ही शिकवलं होतं.

अक्षराबद्दल थोडं. वळणदार अक्षर मलाही आवडतं, पण ते पानंच्या पानं घोटून येत नाही. पहिलीत जूनमध्ये पोरं पेन्सिल मुठीत धरतात, लाटणं धरल्यासारखी. अक्षर आधी खांद्यात येतं, मग मनगटात, मग बोटांत. म्हणून मी पहिले दोन महिने वही काढतच नाही. जुना रंगाचा ब्रश आणि पाण्याचा डबा देते, व्हरांड्याच्या फरशीवर हातभर मोठा 'ग' काढायचा. वाळला की पुन्हा. हिवाळ्यात तुरीचे सोले सोलायला बसवते. त्या चिमटीने पेन्सिलीची पकड सुधारते आणि खिचडीत सोलेही पडतात. पाटीचाही मोठा गुण म्हणजे ती पुसता येते, चुकायची भीती राहत नाही. 'ल' पाकळीचा आणि 'श' देठाचा काढायचा हे २०२२ च्या शासन निर्णयाने पक्कं केलं, तेही ठीक. घरी मोबाइलवर पोरं दुसराच 'ल' बघतात, पण त्याने काही बिघडत नाही, दोन्ही ओळखतात.

खरी गुंतागुंत ह्रस्व-दीर्घात. "जसं ऐकू येतं तसं लिही" असं सांगून मराठीत भागत नाही, कारण पहिली वेलांटी की दुसरी हे आपल्या बोलण्यात बऱ्याचदा कळतच नाही. 'कवी' म्हणताना तुम्ही शेवटचा 'वी' मुद्दाम लांबवता का? वर पहिल्या वेलांटीची आणखी एक खोडी आहे. कानाला आधी व्यंजन ऐकू येतं, मग इ. कागदावर मात्र वेलांटी व्यंजनाच्या आधी येऊन बसते. 'कविता' लिहून बघा. ती वेलांटी क आणि व यांच्या मधोमध असते. पोराला वाटतं ती क चीच, दुसरी. मग तो वाचतो 'कीवता'. हा पोरगा ढ नाही. डावीकडून उजवीकडे वाचायचं हे आपणच शिकवलं, तो तेच करतोय.

शुद्धलेखनाचे नियम काही वेदांतून आलेले नाहीत. मराठी साहित्य महामंडळाचे चौदा नियम १९६२ मध्ये शासनाने स्वीकारले, १९७२ मध्ये आणखी चार आले, एकूण अठरा. हे अठरा नियम चौथीपर्यंतच्या पोरांसमोर तक्ता लावून शिकवता येत नाहीत. (आमच्या एका जुन्या शाळेत असा तक्ता होता. त्यावर मथळाच 'शुध्दलेखनाचे नियम' असा. द ला ध जोडायच्या ऐवजी ध ला द जोडलेला. सहा वर्षं कुणाच्या लक्षात आलं नाही, माझ्याही नाही.) मी दोनच गोष्टी धरते. शब्दाच्या शेवटी दुसरी: पाणी, पाटी, लाडू, वाळू. 'आणि', 'परंतु' हे हट्टी पाहुणे, त्यांना पहिली. हे अर्धं वर्ष. मग जोड्या: दूध–दुधात, फूल–फुलाला, वीट–विटा, विहीर–विहिरीत. शब्दाला मागे काही चिकटलं की आधीची दुसरी आखडते आणि पहिली होते. हा खेळ पोरांना एवढा आवडतो की जेवणाच्या रांगेतही चालतो. 'गीत', 'शरीर', 'सूत्र' ही संस्कृतातली मंडळी या नियमाला जुमानत नाहीत, त्यांना मी चौथीपर्यंत हातच लावत नाही.

आता ज्यासाठी लिहायला बसले ते. मागच्या वर्षी माझ्या वर्गात एक पोरगा होता, अनुलेखनात कायम मागे. ओळी सुटायच्या, शब्द गळायचे. शेरा ठरलेला, 'लेखनात सुधारणा आवश्यक'. एक दिवस मी फळा कोरा ठेवला आणि म्हटलं, काल घरी काय झालं ते लिहा. त्याने लिहिलं:

'आमची बकरी जनली. दोन पिल्लं झाले. एक कायं हाय एक पांढरं. कायं मले चाटते.'

चार वाक्यं. हातात लाल पेन होता. वऱ्हाडीत 'ळ' चा 'य' होतो, काळं ते कायं, डोळा तो डोया. म्हणजे त्याने एकही चूक केली नव्हती. त्याच्या तोंडात होतं ते बरोब्बर अक्षरात उतरवलं होतं. उलट सगळं अनुलेखन बिनचूक करणाऱ्या पोरीने त्या दिवशी 'काल रविवार होता' एवढं एकच वाक्य लिहिलं होतं. मी पेनाचं टोपण लावलं आणि विचारलं, "नाव काय ठेवलं पिल्लाचं?" त्याने पिल्लावरच पुढचं अर्धं पान भरलं.

प्रमाण मराठी शिकवायची नाही असं मी म्हणत नाही. या पोरांना पुढे अर्ज लिहायचेत, परीक्षा द्यायच्यात, 'कायं' लिहिलं तर हसणारे भेटणारच. शिकवायचंच. पण लिहायला शिकणं आणि बरोबर लिहायला शिकणं यांत आधी काय, एवढंच माझं म्हणणं आहे. पहिल्याच कागदावर आठ लाल गोल पडले असते तर दुसरा कागद मला मिळाला नसता. 'ळ' साठी मी वेगळा वेळ काढला. डोया–डोळा, शाया–शाळा, घरचा शब्द आणि पुस्तकातला शब्द अशा दोन रांगा फळ्यावर. दोन्ही रांगा बरोबर, असं स्पष्ट सांगून.

पोळा झाल्यावर एकदा त्याने पुन्हा वही आणून दिली. एकच ओळ होती, पेन्सिल इतकी दाबलेली की मागच्या पानावर अक्षरं उमटली होती.

'काळं पिल्लू इकलं.'

'इकलं' वर मी गोल काढला नाही.