एक जीबीचा रुमाल

दोन जीबी रॅमचा व्हीपीएस (भाड्याचा आभासी सर्व्हर), त्यावर एक गरीब वेबसाइट. तरी पहाटे साडेतीनला डेटाबेस मेला. डीमेसेजमध्ये, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याच्या (कर्नलच्या) नोंदींत, ओळ होती, 'आउट ऑफ मेमरी, किल्ड प्रोसेस', आणि पुढे बिचाऱ्या मायएसक्यूएलचं नाव. मेमरी संपली की एखादी प्रोसेस मारणाऱ्या ओओएम किलरचा न्याय असाच. चोर कोण ते बघायचं नाही, पंगतीत सगळ्यात अंगाने भरलेला दिसेल त्याला उठवायचं.

मेमरीचा हिशोब दाखवणारं 'फ्री -एच' मारलं. एकूण 1.9 जीबी, वापरात 1.6, अव्हेलेबल जेमतेम 170 एमबी. (फ्रीचा रकाना बघून छाती बडवू नये, लिनक्स रिकामी रॅम कॅशला लावतोच. बघायचं ते अव्हेलेबल.) मग प्रोसेसची यादी देणाऱ्या पीएसने सगळ्यांचा आरएसएस, म्हणजे प्रत्येकीने व्यापलेली रॅम, बेरजेला घेतला. 540 एमबी! त्यातही सामायिक लायब्ररी दोनदोनदा मोजलेल्या, म्हणजे खरा आकडा आणखी कमी. मग एक जीबी खातंय कोण?

सपोर्टच्या चॅटवरचा मुलगा अतिशय नम्र होता. नम्र माणसाशी भांडता येत नाही, हा त्यांच्या धंद्याचा पाया असावा.

"सर, मेमरी फुल आहे."

"ते दिसतंय हो. कशाने फुल आहे?"

"वापरामुळे, सर."

"प्रोसेसची बेरीज 540 आहे."

"सर, रीबूट केलंत का?"

"दोनदा. वर आल्या आल्या तेवढीच भरते."

"म्हणजे सर्व्हर चांगला चालू होतोय, सर."

यावर काय बोलणार? त्याने ड्रॉप कॅशेस करायला सांगितलं. केलं. कॅश रिकामी झाली, वापराचा आकडा ढिम्म. "सर, चार जीबीचा प्लॅन घ्या, सध्या ऑफर आहे." मी टीएमपीएफएस (रॅममध्येच ठेवलेल्या फाइली) तपासलं, 12 एमबी. कर्नलची स्वतःची मेमरी दाखवणारं स्लॅबटॉप बघितलं, 60 एमबी. तोवर त्याने ऑफरची लिंक तीनदा पाठवली होती.

शेवटी प्रोकमधली, मेमरीचा तपशील देणारी मेमइन्फो फाइल शेवटापर्यंत वाचली. ती कोणी शेवटापर्यंत वाचत नाही, तिथेच तर गोम होती. ह्यूजपेजेस (आधीच राखून ठेवलेली मेमरीची मोठी पानं) टोटल 512, ह्यूजपेजेस फ्री 512, एकेक पान 2048 केबीचं, म्हणजे दोन एमबीचं. पाचशे बारा दुणे एक हजार चोवीस एमबी, तोच एक जीबी. एसटीच्या खिडकीतून सीटवर रुमाल टाकून ठेवावा आणि माणूस बसमध्ये चढूच नये, तसा प्रकार. ही पानं कर्नल स्वॅपला, म्हणजे डिस्कवर, काढत नाही, दुसऱ्याला देत नाही, आणि कोणी वापरत नसल्याने पीएसमध्ये कोणाच्या नावावरही दिसत नाहीत. मोठ्या डेटाबेसला त्यांचा फायदा होतो, पण त्याला लार्ज पेजेस वापर म्हणून सांगावं लागतं. आमच्या मायएसक्यूएलला कोणी सांगितलेलं नव्हतं.

कर्नलच्या सेटिंग बदलणाऱ्या सिस्कटलने एनआर ह्यूजपेजेस, म्हणजे या पानांची संख्या, शून्यावर आणलं. वापर त्याच क्षणी 600 एमबीवर. पण ते पुढच्या रीबूटपर्यंतच, म्हणून सिस्कटल डॉट डी फोल्डरमध्ये ग्रेप मारून मूळ ओळ शोधली. फाइलची तारीख माझ्या खरेदीच्या आधीची! म्हणजे यांच्याच तयार टेम्प्लेटमध्ये, बहुधा कुठल्या तरी सोळा जीबीच्या मशीनसाठी लिहिलेली. मला दोन जीबी विकायचे, एक कुलूप लावून ठेवायचा आणि वर चार जीबीची ऑफर दाखवायची. वर्षभराचे पैसे आगाऊ भरलेत मी.

फाइलचं नाव चॅटवर टाकलं आणि विचारलं, ही ओळ माझ्या सर्व्हरवर आली कशी?

"सर, तुमच्या एकट्याच्या नाही. सगळ्यांनाच येते."