कॅम्पर व्हॅनवरचा अँटेना : मीटर चांगला दिसला म्हणून काम झाले का?

कॅम्पर व्हॅनवर टू-वे रेडिओचा अँटेना कसा बसवावा याची एक चार ओळींची कृती बरीच पसरली आहे. तिचा आशय असा : चुंबकी तळाचा अँटेना छतावर सोयीच्या जागी ठेवा, छत फायबरग्लासचे असेल तर तळापासून एक वायर काढून चासीला (गाडीच्या धातूच्या सांगाड्याला) जोडा, केबल बरोबर १८ फूट ठेवा, आणि मीटरवर एसडब्ल्यूआर (अँटेनाकडून किती शक्ती परत येते ते दाखवणारे गुणोत्तर; काहीच परत न आल्यास १) १ च्या आसपास आला की अँटेना उत्तम बसला असे समजा. छताला भोक पाडू नका, ते गळतेच, अशी पुस्तीही तिला जोडलेली असते. यातला जवळजवळ प्रत्येक मुद्दा एकच गोष्ट विसरतो : वर दिसणारी काडी हा अँटेनाचा अर्धाच भाग असून उरलेला अर्धा भाग म्हणजे तिच्याखालचा धातूचा पत्रा होय.

‘सोयीच्या जागी’ हा शब्दप्रयोग म्हणूनच फसवा आहे. पाव-तरंग, म्हणजे पाव तरंगलांबी उंचीच्या, काडीला तळाभोवती सर्व बाजूंनी साधारण पाव तरंगलांबीइतका पत्रा लागतो. १४५ मेगाहर्ट्झला हे अंतर सुमारे ५० सेंटिमीटर भरते, ४४६ मेगाहर्ट्झला सुमारे १७ सेंटिमीटर, तर २७ मेगाहर्ट्झला तब्बल पावणेतीन मीटर. म्हणजे शेवटच्या बाबतीत कोणत्याही व्हॅनचे छत अपुरेच पडते आणि मिळेल तेवढ्यावर भागवावे लागते. मागच्या कोपऱ्यावर बसवलेला अँटेना ज्या दिशेला जास्त पत्रा पसरला आहे, म्हणजे तिरपा पुढे, त्या दिशेला अधिक बोलतो आणि पाठीमागे कमी. पोलादी छताच्या मध्यावर १४५ मेगाहर्ट्झचा चुंबकी अँटेना छान चालतो, हे मात्र मान्य केले पाहिजे, कारण तिथे रंगाच्या पातळ थरातूनही तळ आणि पत्रा यांच्यात पुरेसे धारित्र, म्हणजे प्रत्यक्ष स्पर्शाविनाही रेडिओ लहरींना पुरणारी विद्युत जोडणी, तयार होते. पण मध्यावर जर सौर पॅनेल असेल, आणि कॅम्परवर ते बहुधा असतेच, तर काडी त्याला खेटून उभी करू नये : पॅनेलच्या ॲल्युमिनियमच्या चौकटीमुळे प्रसारणाचा आकार बिघडतो आणि काडीची सावली पॅनेलवर पडते ती वेगळीच.

खरा घोळ फायबरग्लासच्या छताचा आहे. त्यावर चुंबक चिकटतच नाही (ॲल्युमिनियमवरही नाही), म्हणून लोक तळ डिंकाने चिकटवतात आणि मग ती चासीची वायर येते. बॅटरीच्या एकदिश प्रवाहाच्या दृष्टीने ती जोडणी निर्दोष असते; मल्टिमीटर शून्य ओहम दाखवील. परंतु रेडिओ लहरींच्या दृष्टीने छतापासून चासीपर्यंत उतरणारी दोन मीटरची वायर १४५ मेगाहर्ट्झला जवळपास एक पूर्ण तरंगलांबी होते, आणि ती ‘अर्थिंग’ राहत नाही. स्वतःच प्रसारण करू लागते. पत्र्याअभावी परतीचा प्रवाह केबलमधील मधल्या तारेभोवतीच्या तांब्याच्या जाळीच्या बाहेरील अंगावरून वाहतो, केबलच अँटेनाचा भाग बनते, आणि बोलायचे बटण दाबताच पाण्याच्या पंपाचा सेन्सर किंवा चार्जर चाळे करू लागतो. उपाय दोन आहेत. एक, छताच्या आतून, काडीच्या बरोबर खाली, सुमारे एक मीटर चौरस ॲल्युमिनियमचा पत्रा किंवा जाळी बसवून तळाचा धातूचा भाग तिला घट्ट जोडणे. दुसरा, पत्र्याची गरज नसलेला अर्ध-तरंग अँटेना घेणे. तो उंच असतो, म्हणून झाडाच्या फांद्यांचा आणि व्हॅनच्या एकूण उंचीचा विचार आधी करावा.

१८ फुटांचा नियम तर स्वतःच्याच हिशेबात टिकत नाही. २७ मेगाहर्ट्झची अर्धी तरंगलांबी मोकळ्या हवेत सुमारे १८ फूट होते, हे त्याचे मूळ असावे असे दिसते. पण नेहमीच्या आरजी-५८ केबलमध्ये लहर प्रकाशाच्या सुमारे ६६ टक्के वेगाने जाते, तेव्हा केबलमधली अर्धी तरंगलांबी १२ फुटांच्या आसपासच येते. शिवाय केबलची लांबी बदलून एसडब्ल्यूआर खरोखर सुधारत नाही. लांबी बदलल्यावर आकडा हलत असेल, तर केबलच्या जाळीवरून परतीचा प्रवाह वाहत असल्याची ती खूण आहे. लागेल तेवढीच केबल ठेवावी.

मीटरच्या आकड्याबद्दल एवढेच सांगणे पुरे की डमी लोड नावाचा निव्वळ रोधक एसडब्ल्यूआर १ दाखवतो आणि जवळपास काहीच प्रसारित करत नाही. ४४६ मेगाहर्ट्झला पाच मीटर आरजी-५८ मध्ये सुमारे एक तृतीयांश शक्ती उष्णतेत जाते. त्यामुळे अँटेनापाशी २ असलेला एसडब्ल्यूआर रेडिओपाशी १.६ च्या आसपास दिसतो. म्हणजे खराब केबलने आकडा सुधारतो! उलट २ चा एसडब्ल्यूआर म्हणजे परत येणारी शक्ती सुमारे ११ टक्केच. तेवढ्यासाठी आकडा जुळवायला दिवसभर काडी कापत बसण्यात अर्थ नाही.

राहिले भोक. रबरी गॅस्केटसह नीट कसलेले, कडांना गंजरोधक लावलेले भोक वर्षानुवर्षे कोरडे राहू शकते, आणि दाराच्या रबरात रोज चेपली जाणारी केबल मात्र हमखास फाटते. तिच्या फाटलेल्या आवरणातून शिरलेले पाणी तांब्याच्या जाळीतून दिव्याच्या वातीत तेल चढावे तसे पुढे सरकत रेडिओच्या कनेक्टरपर्यंत पोहोचते. भोक नकोच असेल, तर छताच्या कडेला किंवा रूफ रॅकवर ब्रॅकेट बसवून त्याची धातूची जोडणी रंग खरवडून करावी, आणि केबल आत घेण्याआधी तिला खाली झुकता वळसा द्यावा, म्हणजे पावसाचे पाणी तिथूनच ठिबकून जाते.