ई-पास, पुल रिक्वेस्ट आणि स्पायरल बाइंडिंग

ऑनलाइन शिकवण्याचा विषय निघाला की आमच्या स्टाफरूममध्ये दोनच वाक्यं ऐकू येतात. ‘पोरांचं वाटोळं झालं’ आणि ‘सुटलो एकदाचे’. मेकॅनिकलच्या सहकाऱ्यांचं मला पटतं, लेथ मशीन काही मोबाईलवर शिकवता येत नाही. पण मी तिसऱ्या वर्षाला सॉफ्टवेअर डिझाईन शिकवते आणि या एका विषयापुरतं माझं मत उलटं आहे. २०२०-२१ मध्ये, करोनामुळे सगळं ऑनलाइन असताना, तो आमच्याकडे पहिल्यांदा धड शिकवला गेला, आणि कॉलेज उघडल्यावर आपणच ती पद्धत कागदांच्या गठ्ठ्याखाली गाडली.

लगेच कमेंटमध्ये तुटून पडू नका. जे हाल झाले ते मीही पाहिलेत. लॅबचे कॉम्प्युटर कुलपात, घरी लॅपटॉप नाही, एका मोबाईलवर धाकटा भाऊ शाळेत आणि थोरला इंजिनिअरिंगला. दिवसाचा दीड जीबी डेटा दुपारच्या लेक्चरलाच संपायचा. दापोलीकडचा एक मुलगा निसर्ग वादळानंतर कितीतरी दिवस रेंजसाठी टेकडी चढत होता. आणि लेक्चर म्हणजे काळ्या चौकोनांशी बोलणं. वर्गात फळ्यावर एक बाण चुकीच्या दिशेला काढला की मागच्या बाकावरच्या भुवया उंचावतात, त्यावरून पुढचा अर्धा तास रंगतो. गूगल मीटवर फक्त ‘येस मॅम’. डिझाईनच्या तासाला वाद झाला नाही तर तो तास झालाच नाही असं मी मानते, त्यामुळे पहिले काही आठवडे माझे भयंकर गेले.

मग वाद लेखी करायचं ठरवलं. २०२० च्या एप्रिलमध्ये गिटहबने (कोड ठेवायची आणि एकत्र लिहायची वेबसाइट) खासगी रेपो, म्हणजे प्रोजेक्टच्या फाईली आणि त्यांच्यातले बदल ठेवायच्या जागा, टीमसाठीही मोफत केले होते. चौघांचा गट, एक रेपो, आणि नियम असा की डिझाईनमधला कुठलाही बदल पुल रिक्वेस्टशिवाय, म्हणजे ‘हा बदल आत घ्या’ अशी चर्चेला खुली विनंती टाकल्याशिवाय, आत जाणार नाही. दुसऱ्या गटातल्या दोघांनी प्रश्न विचारायचे, उत्तरं तिथेच लिहायची. क्लास डायग्राम (प्रोग्रामचे भाग आणि त्यांचे संबंध दाखवणारी आकृती) चित्र म्हणून नको, प्लँटयूएमएलमध्ये, म्हणजे लिहिलेल्या ओळींवरून आकृती काढणाऱ्या साधनात, मजकूर म्हणून लिहा, म्हटलं. मोबाईलवर टाइप करता येतं, लॅपटॉप नसलेला मुलगा तो मजकूर व्हॉट्सॲपवर मित्राला पाठवू शकतो, आणि कोणी कोणती रेघ कधी बदलली हेही नंतर दिसतं. चित्राची जेपीजी पाठवली की यातलं काहीच कळत नाही.

प्रोजेक्ट दिला ई-पासचा, म्हणजे लॉकडाउनमध्ये जिल्ह्याबाहेर जायला लागणाऱ्या ऑनलाइन परवान्याचा. ग्रंथालय आणि हॉस्पिटल मॅनेजमेंट सिस्टिम वर्षानुवर्षं सीनियरांच्या पेनड्राइव्हमधून खाली झिरपत येतात. ई-पासचा जुना प्रोजेक्ट कोणाकडेच नव्हता. शिवाय नियम ज्या वेगाने बदलत होते, तसे बदल मला मुद्दाम रचूनही सुचले नसते.

२० ऑगस्टला सरकारने एसटीची आंतरजिल्हा वाहतूक सुरू केली. एसटीने जायला पास नको, स्वतःच्या गाडीने जायला मात्र हवा. यावर लोकांनी मीम केले, माझ्या मुलांना रात्री जागून काम करावं लागलं. ज्या गटाने ‘पास लागतो का’ हा निर्णय फॉर्मच्या स्क्रीनवर, डेटाबेसमध्ये आणि मंजुरीच्या कोडमध्ये असा तिन्हीकडे पेरला होता, त्यांना सगळीकडे हात घालावा लागला. दुसऱ्या एका गटाने प्रवासाचे नियम वेगळ्या इंटरफेसमागे (कोडच्या दोन भागांनी एकमेकांशी कसं बोलायचं याचा करार) ठेवले होते. त्यांनी एक नवा क्लास (कोडचा एक स्वतंत्र भाग) जोडला आणि झोपी गेले. संगणकशास्त्रज्ञ डेव्हिड पार्नस यांनी १९७२ मध्ये हेच मांडलं होतं की सिस्टिमचे भाग कामाच्या क्रमाने पाडू नका. जे निर्णय बदलण्याची शक्यता आहे, तो एकेक निर्णय एकेका मॉड्यूलच्या आत लपवा. मी हे दरवर्षी स्लाइडवर दाखवत आले, मुलं दरवर्षी ते वहीत उतरवून घेत आली. त्या आठवड्यात मात्र ते कोणालाही समजावून सांगावं लागलं नाही.

मग २ सप्टेंबरपासून जिल्ह्याबाहेर जायला ई-पासच रद्द झाला. ‘मॅम, आपला प्रोजेक्ट पण रद्द का?’ असा मेसेज आला. रद्द कसला! ‘कोणालाच पास लागत नाही’ हाही एक नियमच. त्यावरच्या पुल रिक्वेस्टमध्ये दोन गट असे भांडले की मी नुसती वाचत बसले. एकाचं म्हणणं, मंजुरीचा कोड काढून टाका, मेलेला कोड ठेवायचा कशाला. दुसऱ्याचं म्हणणं, सरकारचा काय भरवसा, राहू द्या. एप्रिल २०२१ मध्ये ई-पास परत आला. सत्र कधीच संपलं होतं, मार्क लागले होते, तरी दुसऱ्या गटातल्या पोरांनी रेपो उघडून तो चर्चेचा जुना धागा मला पाठवला, खाली नुसता हसणारा चेहरा. (माझं मत अजूनही पहिल्या गटाच्या बाजूने आहे. कोड काढला तरी गिटच्या, म्हणजे बदलांची नोंद ठेवणाऱ्या साधनाच्या, इतिहासातून परत आणता येतो.)

आणखी एक गोष्ट दिसली, ती मला अपेक्षित नव्हती. संगणकशास्त्रज्ञ मेल्विन कॉन्वे यांनी १९६८ मध्ये लिहिलं होतं की एखाद्या संस्थेतली माणसं एकमेकांशी ज्या रचनेत बोलतात, तीच रचना त्यांनी बांधलेल्या सिस्टिममध्ये उतरते. लॅबमध्ये चौघांचा गट एका पीसीपुढे बसतो. एक टाइप करतो, दुसरा सांगतो, उरलेले दोघे रील बघतात, आणि सगळा कोड एका फाईलमध्ये एकमेकांत गुंतलेला असतो. तेच चौघे लातूर, सातारा, चिपळूण आणि हडपसरला विखुरले, तेव्हा दर पाच मिनिटांनी फोन करणं परवडेना. मग आधी इंटरफेस ठरवून घ्यायचा आणि ज्याने त्याने आपला भाग लिहायचा, हे कोणी न सांगता व्हायला लागलं. वर्गात कधी तोंड न उघडणाऱ्या दोन मुलींच्या कमेंट तर सगळ्यात धारदार असायच्या.

परीक्षेने यावर बोळा फिरवलाच. बहुपर्यायी प्रश्न, तेही पॅटर्नवर, म्हणजे डिझाईनमधल्या नेहमीच्या अडचणींच्या ठरावीक, नावं दिलेल्या उत्तरांवर. सिंगलटन हा कोणत्या प्रकारचा पॅटर्न? क्रिएशनल, पुढे चला. तेवीस पॅटर्नची नावं पाठ असलेल्या मुलाला पूर्ण मार्क, आणि ‘इथे पॅटर्नची गरजच नाही’ हे दोन परिच्छेदांत पटवून देणाऱ्या मुलीसाठी पर्यायच नाही.

कॉलेज उघडलं, आणि विभागाच्या बैठकीत रेपोची लिंक म्हणजे सबमिशन नव्हे असं ठरलं. तपासणी समिती आली तर दाखवणार काय? म्हणून डायग्रामचे प्रिंट, प्रत्येक पानावर तारीख आणि सही, वर स्पायरल बाइंडिंग. ओरलला एक्सटर्नल (बाहेरून आलेले परीक्षक) पानं उलटतात आणि सही राहिलेलं पान शोधून काढतात. डायग्राम अर्थात शेवटचा, सुबक. तो आधी कसा होता, का बदलला, कोणी विरोध केला, यातलं काही त्यात नसतं. आता तर तसा सुबक डायग्राम एआय मिनिटभरात काढून देतं, त्यामुळे त्या फाईलवर मार्क कशाचे द्यायचे हे मला खरंच कळत नाही.

म्हणून या सत्रात टर्मवर्कचे (सत्रभराच्या कामाचे) निम्मे मार्क मी पुल रिक्वेस्टमधल्या चर्चेला ठेवलेत आणि एक्सटर्नलना ओरलच्या आधी लिंक पाठवणार आहे. फाईलही करून घेतेय, बैठकीत भांडायची ताकद आता उरली नाही. तुमच्यापैकी कोणी असं मूल्यमापन अधिकृतपणे बसवलं असेल तर निकष कसे लिहिलेत ते कळवा. विशेषतः आळशी गटमित्राच्या ‘नाइस वर्क भाई’ छाप कमेंटचं तुम्ही काय करता, ते मला हवंय.