मेक्सिकोचा मका आणि आपला कोटा

भारत-अमेरिका व्यापार कराराचा विषय निघाला की महाराष्ट्रात भांडण एकाच गोष्टीवर होतं: सही करायची की नाही. मी राहतो त्या अमेरिकेतल्या आयोवा राज्यातला मका मेक्सिकोला जातो. तिथल्या शेतकऱ्याचं नुकसान सहीपेक्षा सहीनंतरच्या सरकारी निर्णयांनी जास्त केलं, असं माझं ठाम मत आहे.

1 जानेवारी 1994 ला नाफ्टा, म्हणजे अमेरिका, कॅनडा आणि मेक्सिकोचा मुक्त व्यापार करार, लागू झाला. मक्याला 15 वर्षांचं संरक्षण होतं. पहिल्या वर्षी 25 लाख टन बिनशुल्क, दरवर्षी कोट्यात 3 टक्के वाढ आणि कोट्याबाहेरच्या मालावर 200 टक्क्यांहून जास्त शुल्क. ते उतरत 2008 मध्ये शून्य व्हायचं होतं. पण पशुखाद्य स्वस्त राहावं, महागाई वाढू नये म्हणून मेक्सिको सरकारने कोट्याबाहेरच्या मक्यावरही ते शुल्क बहुतांशी घेतलंच नाही. 1999 मध्ये मका खरेदी करणारी सरकारी संस्था कोनासुपोही बंद केली.

त्यात वेळ वाईट. आयोवाची काढणी सप्टेंबर ते नोव्हेंबर, दक्षिण मेक्सिकोतल्या चियापास-ओआहाकाचा पावसावरचा मका निघतो ऑक्टोबर ते डिसेंबर. म्हणजे इथे भाव तळाला असतो तेव्हाच तिथला शेतकरी विकायला निघतो. इथून निघणाऱ्या मालगाडीला शंभर डबे, डब्यात साधारण 100 टन. दोन हेक्टरवर चार टन पिकवणाऱ्या अडीच हजार कुटुंबांचं वर्षाचं पीक एका गाडीत मावतं. शिवाय आयातदाराला अमेरिकी सरकारच्या हमीवर कर्ज मिळे. 1994 च्या अखेरीस पेसो कोसळल्यावर तिथल्या शेतकऱ्यासाठी कर्जाचे दर आभाळाला भिडले.

मेक्सिकोत मका पिकायचा थांबला, असं मात्र नाही. चुन्याच्या पाण्यात शिजवून तोर्तिया करतात तो पांढरा मका सिनालोआतल्या बागायती शेतांत वाढला, देशाचं एकूण उत्पादनही वाढलं. मार बसला तो कोरडवाहू छोट्या शेतकऱ्याला. उत्पादनाचे आकडे दाखवून करार यशस्वी ठरवणाऱ्यांनी हे आधी सांगावं.

आपल्याकडेही मक्याला कोटा आहे: 5 लाख टनांपर्यंत 15 टक्के शुल्क, त्यापुढे 50. खरीप मकाही ऑक्टोबर-नोव्हेंबरलाच बाजारात येतो. आणि शुल्क माफ करायला आपल्याला करार लागतच नाही. डिसेंबर 2023 मध्ये पिवळ्या वाटाण्याचं शुल्क शून्य केलं, ते 2025 च्या ऑक्टोबरअखेरपर्यंत राहिलं. डाळीला, बेसनाला स्वस्त पर्याय मिळाला आणि 2025 च्या सुरुवातीला नवी तूर क्विंटलला 7,550 रुपयांच्या हमीभावाखाली विकली गेली.

म्हणून करारातल्या टक्क्यांइतकाच आग्रह दोन गोष्टींचा धरायला हवा. कोट्याबाहेरचं शुल्क अधिसूचना काढून परस्पर माफ करता येऊ नये, निदान ऑक्टोबर ते जानेवारीत तरी नाही. आणि हमीभावाचं खरेदी केंद्र आवक सुरू होण्याआधी उघडलेलं असावं, महिनाभराने नव्हे.