घट्ट पिन म्हणजे पक्की पिन नव्हे

‘तुम्ही आजवर पिन चुकीची लावत आलात’ अशा मथळ्याचा, केसांच्या पिनांबद्दलचा एक मजकूर सध्या फिरतोय. मला तो चौघींनी पाठवला, त्यातल्या दोघींनी ‘हे खरं का गं?’ असं विचारून. मजकूर लांबलचक आहे, पण त्यातला ऐवज एवढाच: पिन जितकी घट्ट तितकी पक्की. नागमोडी बाजू डोक्याकडेच हवी, नाहीतर पिन उलटी. पिन पक्की असेल तर काढताना दोन-चार केस जाणारच. टोकावरचे थेंब नुसते शोभेचे. जुन्या यू आकाराच्या आकड्याला पकडच नसते. आणि शेवटी, केस ओले असताना पिन लावली की वाळल्यावर ती जागची हलत नाही.

माझं पोट स्प्रिंगांवर चालतं आणि केस कमरेपर्यंत आहेत. या वस्तूशी दोन्हीकडून रोजचा संबंध, त्यामुळे गप्प बसवेना. या सहांत पूर्ण खरा मुद्दा एकही नाही, अर्धे खरे दोन आहेत.

‘पिन जितकी घट्ट तितकी पक्की.’

मूळ गफलत इथे आहे आणि बाकीच्या बऱ्याच गफलती हिच्याच पोटातून निघतात, म्हणून इथे जरा रेंगाळते.

दाब वाढला की घर्षण वाढतं, हे शाळेत शिकलेलं खरंच आहे. पिनेची दोन्ही पाती समांतर असतील आणि मधली बट पातळ असेल, तर जास्त दाबाची पिन जास्त धरते. पण जाड बट कोंबली की पाती समांतर राहत नाहीत. बंद टोकाशी जुळलेली आणि तोंडाशी फाकलेली, अशी पाचर होते. मग स्प्रिंग केसांना नुसती दाबत नाही, तोंडाच्या दिशेने ढकलतेही. ओला साबण मुठीत आवळला की जे होतं, तेच. जितका आवळाल तितका जोरात निसटतो.

हिशेब अगदी छोटा आहे. केस आणि पिन यांच्यातला घर्षणांक, म्हणजे दाबाच्या मानाने घर्षण किती याचा आकडा, ०.२ धरला, तर प्रत्येक पातं साधारण ११ अंशांपर्यंत कललेलं असताना घर्षण जिंकतं. त्यापुढे ढकलणारा जोर जिंकतो. यात स्प्रिंग किती कडक, ही गोष्ट कुठे आलीच नाही. कडकपणा दुप्पट केला तर घर्षण दुप्पट होईल, पण ढकलणंही दुप्पट होईल, आणि निकाल जिथे होता तिथेच राहील. जाड बटेतून पिन पुन्हापुन्हा निसटत असेल तर केस कमी घ्या किंवा लांब पिन घ्या. लांब पातं तेवढ्याच जाडीला कमी कलतं. कडक पिन घेऊन डोकं तेवढं दुखेल.

आणि हा कडकपणा किती थोडक्यात बदलतो ते पाहा. पट्टीचा कडकपणा तिच्या जाडीच्या घनाच्या प्रमाणात वाढतो आणि लांबी वाढली की तसाच घनाने उतरतो. म्हणजे जाडी १० टक्क्यांनी वाढली की कडकपणा ३३ टक्क्यांनी वाढतो. लांबी १० टक्क्यांनी कमी केली तर ३७ टक्क्यांनी. दिसायला सारख्या दोन पिनांतली एक मऊ आणि एक राक्षसी का लागते, याचं उत्तर डोळ्यांना न दिसणाऱ्या या फरकात असतं. त्यामुळे ‘उघडायला जोर लागला म्हणजे माल चांगला’ हा निकष कामाचा नाही. त्यातही लोक ती दातांनी उघडतात! पोलादाला पाणी दिलेलं असतं म्हणून पिन परत मिटते, पण त्यालाही हद्द असते. त्या हद्दीपलीकडे फाकवली की ती कायमची आ वासून बसते. दाताचा टवका उडाला तर तो वेगळाच. खरं तर पिन उघडायची गरजच नसते, एका पात्याचं टोक बाहेर वळवलेलं असतं ते बट आपोआप आत घेण्यासाठीच.

‘नागमोडी बाजू डोक्याकडेच.’

हा पहिला अर्धा खरा मुद्दा. पण ‘नाहीतर पिन उलटी’ हे कारण चुकीचं आहे. दोन पात्यांमध्ये सापडलेल्या बटेला वरून जेवढा दाब, तेवढाच खालून. पिन उलटवल्याने त्यात काडीचाही फरक पडत नाही. लाट वर असो की खाली, मधल्या केसांना ती लागतेच. फरक पडतो तो पिनेच्या बाहेर, तिच्याखाली पसरलेल्या केसांना. लाट खाली असेल तर तिचे उंचवटे त्या केसांतही थोडे रुततात, आणि वर सरळ बाजू आल्याने पिन नीटस दिसते. केस गुळगुळीत असतील तर हा थोडाही आधार उपयोगी पडतो, म्हणून सल्ला म्हणून चालेल. पण दुसरीकडून लावणाऱ्यांनी आजवर काही चूक केली, असं नाही. १९२०च्या दशकात आखूड ‘बॉब’ कापाबरोबर ही बॉबी पिन घराघरांत गेली, तेव्हापासून लोक ती दोन्हीकडून लावत असणार.

‘पक्की पिन काढताना केस जाणारच.’

हे वाक्य मला सगळ्यात जास्त खटकलं, कारण त्यात पकड आणि सुटका या एकाच दोरीची दोन टोकं आहेत असं गृहीत धरलंय. चांगल्या पिनेत त्या दोन वेगवेगळ्या दिशा असतात.

एक प्रयोग करा. गळलेला एक लांब केस घ्या, अंगठा आणि तर्जनीत हलकेच धरा आणि बोटं केसाच्याच दिशेने पुढे-मागे चोळा. केस जागच्या जागी राहणार नाही. तो एकाच बाजूला सरकत जाईल, मुळाचं टोक पुढे करून. केसावर कौलांसारखे एकावर एक खवले असतात, त्यांच्या कडा टोकाकडे वळलेल्या. बोट टोकाकडे गेलं तर त्यांच्यावरून घसरतं; मुळाकडे आलं तर कडांना अडतं आणि केसाला बरोबर ओढतं.

डोक्यावरची पिन म्हणजे तशीच दोन बोटं. मान वळली, पाठ टेकली, की पिन किंचित हलते: टोकाकडे सहज, मुळाकडे अडखळत. दिवसभर हेच चालू. म्हणजे बटेच्याच दिशेने, तोंड मुळाकडे करून खोचलेली पिन पहिल्या क्षणापासून बाहेर यायच्या वाटेला लागलेली असते. ती घट्ट असेल तर प्रवास लांबेल, पण दिशा बदलणार नाही.

आता तीच पिन बटेला आडवी लावा. केसांना निसटायचंय त्यांच्या लांबीत, पिन काढायची आहे बाजूला. एक दिशा अडवली तरी दुसरी मोकळी राहते. लाटेचं खरं काम इथे कळतं. आडव्या पिनेत केस लाटांच्या खळग्यांत बसतात. पिन बाजूला सरकायची तर त्यांना प्रत्येक उंचवटा चढावा लागतो. उंचवटा गोल आणि उथळ असेल, स्प्रिंग मऊ असेल, तर बोटाने ओढल्यावर पातं केसभर उचललं जातं आणि केस अलगद पुढच्या खळग्यात जातात. चालण्या-बोलण्याच्या धक्क्यांत तेवढा जोर नसतो, म्हणून एरवी पिन जागेवर राहते. स्प्रिंग फार कडक असेल तर पातं उचललंच जात नाही, मग उंचवटे खवल्यांवरून खरवडत जातात. घट्ट पिनेने केस जातात ते असे. पकड जास्त होती म्हणून ते गेले नाहीत. पिनेला उघडायला वावच ठेवला नव्हता.

याहून पुढचं उदाहरण मुलांच्या टिक-टॉक पिनेचं. मला ही पिन फार आवडते. वाकवून ताणात बसवलेला पत्रा, दोनच स्थितींत स्थिर राहणारा: मिटलेला आणि उघडा. मध्ये एक उंचवटा, तो ओलांडला की टक्. मिटलेली असताना ती हलत नाही, आणि काढताना अंगठ्याने दाबायचं असतं ते केसांपासून दूर, बाकाच्या मध्यावर. केसांचा त्या जोराशी संबंधच येत नाही. क्लचरचंही तसंच: दांडे दाबले की दात पूर्ण उघडतात, मग तो उचलायचा. आधी सोडते, मग निघते. ओढून काढावी लागणाऱ्या पिनेपेक्षा उघडून निघणारी पिन याच कारणाने केसांना सोसते. मळसूत्रासारखी वळलेली पिन तर सरळ ओढली की अडते आणि उलट फिरवली की सहज बाहेर येते. रबरी लेपाच्या पिनांना मात्र दिशा कळत नाही. त्या धरून ठेवताना जेवढ्या चिकटतात तेवढ्याच काढतानाही.

बरं, पिनेबरोबर आलेले ते दोन-चार केस नीट बघितलेत का कधी? रोज ५० ते १०० केस गळतातच. दिवसभर बट पिनेत अडकलेली असेल, तर त्यातले गळलेले केस खाली पडत नाहीत, संध्याकाळी पिनेबरोबर एकदम बाहेर येतात. केसाच्या एका टोकाला बारीक पांढरी गाठ असेल तर तो मुळात गळलेलाच होता. गाठ नसून टोक तुटकं, फाटकं असेल तर मात्र दोष पिनेचा. निरोगी केस एकटा ५० ते १०० ग्रॅम भार पेलतो. अख्ख्या बटेने वाटून घेतलेला ताण त्याला तोडत नाही. तो तुटतो एकटा कुठेतरी अडकला की. कुठे अडकतो, ते पुढच्या मुद्द्यात.

‘टोकावरचे थेंब शोभेचे.’

पोलादाची पट्टी कापली की कडेला धार राहते. थेंब ती झाकतो, बस. तो निघालेली पिन भिंगाखाली धरा, कापलेला पत्रा दिसेल. घालताना टाळूला ओरखडा, काढताना केसाला आकडी. अशी पिन डोक्यात घालू नये, कागद जोडायला ठेवावी. रंगाचे पोपडे उडालेल्या पिनेलाही तेच लागू.

‘यू आकड्याला पकड नसते.’

आकडा दाबत नाही, हे बरोबर. त्याला दाबायचं नसतंच. दोरीचे तीन वेढे खांबाला घातले की एक माणूस मोठं ओझं धरून ठेवतो, त्याच जातीची ही पकड. गणितज्ञ ऑयलरचं सूत्र आहे: वेढ्यांबरोबर धरण्याची ताकद बेरजेने नाही, गुणाकाराने वाढते. घर्षणांक तोच ०.२ धरला तर एका वेढ्याला साधारण ३.५ पट, दोन वेढ्यांना १२ पट, तीन वेढ्यांना ४३ पट. नुसती एक काडी लांब केसांचा अंबाडा दिवसभर पेलते ती या गुणाकारावर. आणि काडी उपसली की वेढे आपोआप सुटतात.

आकड्याचं मर्म मात्र घालण्यात आहे, आणि सरळ खोचणाऱ्यांचीच त्याच्याविरुद्ध तक्रार असते. टोकं अंबाड्याच्या मध्यापासून बाहेर तोंड करून धरा, कडेची थोडी बट उचला, डोक्यावरचे थोडे केसही घ्या, मग आकडा उलटा पाडा आणि अंबाड्याच्या पोटात सारा. उलटा पडताना उचललेले केस त्याच्या पायांभोवती वळसा घेतात. आता अंबाडा खाली ओढला की ते वळसे आवळतात, आकडा सुटत नाही. काढताना आल्या वाटेने मागे घ्यायचा, दोन बोटांत येतो. शेंड्याकडचे केस फार आखूड असतील तर वळसा बसत नाही आणि आकडा पडतो, तिथे साधी पिनच बरी.

‘ओल्या केसांत पिन लावा.’

दुसरा अर्धा खरा मुद्दा. पाण्याने केसातले हायड्रोजन बंध, म्हणजे आकार धरून ठेवणारे नाजूक जोड, सुटतात आणि वाळताना नव्या जागी जुळतात, म्हणून ओल्या केसांना दिलेला आकार वाळल्यावर टिकतो. टिकतो तो आकार, पकड नव्हे. ओला केस जाडीला सुमारे १५ टक्के फुगतो आणि वाळला की उतरतो. म्हणजे पिनेतली बट वाळताना बारीकच होते आणि दाब कमी होतो. त्यातून ओला केस जास्त ताणला जातो आणि कमी जोरात तुटतो. बट ओढून घट्ट पिन मारायची ही सगळ्यात वाईट वेळ.

शिवाय पिन पोलादाची. रंग आधी उडतो तो बाकावर, कारण वाकणं तिथेच होतं, आणि पाणीही तिथूनच शिरतं. माझ्या उशीच्या अभ्र्यावर एक तांबूस डाग आहे, बरोबर पिनेच्या बाकाच्या आकाराचा. घाईत केस ओलेच वर बांधले होते आणि एक पिन रात्री तशीच राहिली. अभ्रा दोनदा धुतला, डाग तिथेच आहे.