फ्रिज सुरू होताच इन्व्हर्टर ट्रिप होतो? नवा घेण्याआधी मीटर लावा

ग्रिडशिवाय, निव्वळ सोलरवर चालणाऱ्या घरांसाठी एक सल्ला सर्रास फिरतोय: ‘फ्रिज किंवा पंप सुरू होताना इन्व्हर्टर ट्रिप होतो, म्हणजे तो लहान पडतोय. दुप्पट वॅटचा घ्या. बॅटरी १२.६ व्होल्ट दाखवतेय, म्हणजे ती ठणठणीत आहे. तरीही जमलं नाही तर पॅनेल वाढवा, नाहीतर लो-बॅटरी कट-ऑफ (ज्या व्होल्टेजला इन्व्हर्टर स्वतः बंद होतो ती मर्यादा) खाली आणा.’ यातलं बहुतेक सगळं चुकीच्या जागी औषध लावणं आहे.

आधी ‘लहान पडतोय’ हे. ट्रिप झाल्यावर डिस्प्लेवर ओव्हरलोड आलं की लो-बॅटरी, हे कुणी विचारतच नाही. १५० वॅटचा फ्रिज कॉम्प्रेसर सुरू होताना क्षणभर हजारेक वॅट ओढू शकतो. १२ व्होल्टच्या सिस्टिममध्ये त्यासाठी बॅटरीतून जवळपास १०० अँपिअर निघतात. बॅटरीपासून इन्व्हर्टरपर्यंत १० चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर तीन मीटर असेल, तर जाऊन-येऊन सहा मीटर झाली. तिचा रोध सुमारे ११ मिलिओहम. म्हणजे १.१ व्होल्ट वायरीतच गेले. त्यात बॅटरी स्वतः व्होल्टभर खाली आली की १२.६ चे १०.५ उरतात, आणि कित्येक इन्व्हर्टर तिथेच बंद होतात. दुप्पट वॅटचा आणला तरी फ्रिज तेवढंच मागणार आणि वायरही तीच. शिवाय मोठ्या इन्व्हर्टरने रिकामं चालताना ४० वॅट खाल्ले, तर दिवसाला जवळपास एक युनिट त्याच्याच पोटात. वायर ३५ चौरस मिलिमीटरची केली तर तीच घट ०.३ व्होल्टवर येते. बॅटरीजवळ डीसी फ्यूज मात्र हवाच.

१२.६ व्होल्टचं प्रमाणपत्र तर सगळ्यात फसवं. लोड नसताना थकलेली लेड-ॲसिड बॅटरीही तो आकडा दाखवते. मोजायचं ते लोडखाली. साधा मल्टिमीटर फ्रिजचा तो क्षण पकडत नाही. मिन-मॅक्स मोड (सगळ्यात कमी आणि जास्त आकडा धरून ठेवणारा) नसेल तर इस्त्रीसारखा स्थिर लोड लावा, इन्व्हर्टरला झेपेल एवढाच. एकदा बॅटरीच्या टर्मिनलवर मोजा, एकदा इन्व्हर्टरच्या. दोन्हींत जो फरक येईल तो वायर आणि जोड खातात. मग मीटरची एक पिन बॅटरीच्या शिशाच्या टर्मिनलवर आणि दुसरी त्यावर कसलेल्या लगवर (वायरीच्या टोकाच्या धातूच्या कडीवर) ठेवा. काही मिलिव्होल्ट यायला हवेत. ५० अँपिअरला ०.२ व्होल्ट आले, तर त्या एका जोडावर १० वॅट उष्णता होतेय. बॅटरी डिस्कनेक्ट करून तो जोड घासा, पुन्हा घट्ट कसा.

पॅनेलचं थोडक्यात: बॅटरी रोज पूर्ण भरतच नसेल तर पॅनेल वाढवणं रास्त आहे. रात्रीच्या ट्रिपिंगशी त्यांचा काय संबंध?

कट-ऑफ खाली आणण्याचा सल्ला मात्र नुकसानीचा. लेड-ॲसिड बॅटरी वारंवार खोल उतरली की प्लेटांवर सल्फेट घट्ट बसतं आणि क्षमता जाते. लिथियम असेल तर त्या सेटिंगने बहुधा काहीच होत नाही, कारण तिथे करंट मर्यादेबाहेर गेला की बीएमएसच (बॅटरीतलं संरक्षण सर्किट) तोडतो. खूण सोपी: व्होल्टेज हळूहळू न उतरता एकदम शून्य होतं आणि डिस्प्लेही विझतो. १२.८ व्होल्टच्या बॅटरीत १०० अँपिअरचा बीएमएस म्हणजे जेमतेम १२८० वॅट.

इन्व्हर्टरच्या टर्मिनलवर लोडखालीही १२ च्या आसपास व्होल्ट टिकले आणि तरी डिस्प्ले ओव्हरलोड म्हणतोय, तर तो खरंच लहान आहे. अशा वेळी मोठा घ्या, किंवा फक्त पंपच त्रास देत असेल तर त्याच्या मोटरला चालणारा सॉफ्ट स्टार्टर (सुरू होतानाचा झटका कमी करणारं उपकरण) आधी लावून पाहा.